गव्हावर दात धरणारे नाना

आमचे नाना रोज सकाळी जात्यावर बसून शिव्या द्यायचे. बायका जात्यावर ओव्या म्हणतात, नाना शिव्या म्हणायचे. खुंटा धरला, मूठभर बाजरी टाकली, की सुरू. पहिली शिवी गव्हाला, दुसरी गिरणीवाल्या बाळूला, तिसरी डॉक्टरला, चौथी ज्या कुणी गहू पहिल्यांदा पेरला त्या अज्ञात इसमाला. पाचवी बहुतेक मला असायची. जात्याच्या घरघरीत शब्द नीट कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. शेजारच्या देवरेकाकू दूध घ्यायला फाटकाशी आल्या की मान वाकडी करून म्हणायच्या, "संगीता, नानांची भूपाळी सुरू झाली वाटतं."

हे शहाण्णव-सत्त्याण्णव सालातलं सांगतेय. नाशिकमध्ये तेव्हा घरोघरी दळण गिरणीतूनच यायचं, जातं फक्त लग्नाच्या हळदीपुरतं उरलं होतं. आणि आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड सरकारी माणूस, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा आणि बनियन घालून, पडवीत पाय पसरून दळत बसलेला. लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. कुणी म्हणालंच, "नाना, बाप्या माणसानं दळायचं का हो?" तर नाना खुंटा न सोडता म्हणायचे, "बाप्या माणसाला गिळायला चालतं ना? मग सरक, उजेड अडवू नको."

आता मी हे हसत हसत सांगतेय. तेव्हा मला एकदाही हसू आलं नाही. तेव्हा नुसता संताप व्हायचा. गव्हाचा, नानांचा, आणि 'थोडंसं खाल्ल्यानं काय होतंय?' असं म्हणणाऱ्या यच्चयावत माणसांचा.

नाना म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी पाटाच्या कडेनं सायकल हाकण्यात गेली. पाण्याची पाळी कुणाची, दार कुणी उचललं, पाटाला भोक पाडून द्राक्षाच्या बागेत पाणी कुणी पळवलं, हे पकडणं हेच काम. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "वर कोण हाय?" पाटावर आपल्या वरचा माणूस काय करतो, त्यावर आपल्या वाट्याला काय येणार ते ठरतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. नळाला पाणी बारीक आलं की, "वर कोण हाय?" रेशनच्या रांगेत, "माझ्या वर कोण हाय?" माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा शाळेत मी दुसरी आले होते. निकालपत्र हातात घेऊन नानांनी पेढ्याच्या आधी विचारलं, "वर कोण हाय?"

घरात आम्ही दोघंच. आई मी सहा वर्षांची असताना गेली. कशानं गेली? तर अशक्तपणानं. सगळे असंच सांगायचे आणि सांगून गप्प बसायचे. मीही तशीच किडकिडीत. जरा मोठी झाले तसं बायका माझ्याकडे बघून 'आईवर गेलीये' म्हणायला लागल्या आणि लगेच जीभ चावायला लागल्या. प्राथमिक शाळेत नोकरीला लागले तोवर वरच्या मजल्यावरच्या वर्गात जायचं तर जिन्यात थांबून दम घ्यावा लागायचा. पोट कायम फुगलेलं, रोजचं चार वेळा पळणं, केस विंचरले की फणीत पुंजका. जंतांची औषधं झाली, टॉनिकं झाली, वणीच्या देवीला नवस झाला. वजन काही वाढेना. आईच्याच वाटेनं चालले होते मी. मला ते कळत होतं आणि नानांनाही कळत होतं. एकमेकांशी बोलत मात्र नव्हतो.

मग पोटाचे एक नवे डॉक्टर नाशिकला आले. त्यांनी मुंबईला पाठवून दुर्बिणीची तपासणी करवली. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "हिला गहू चालत नाही. आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, ब्रेड, बिस्किट, सगळं बंद."

"किती दिवस?" नानांनी विचारलं.

"आयुष्यभर."

"दिवाळीला?"

"दिवाळीलाही."

"लग्नात?"

"काका, लग्नातही."

"तुम्ही घरी काय खाता?"

"पोळी," डॉक्टर म्हणाले.

"मग!" नाना म्हणाले. जणू डॉक्टरला पाणी चोरताना रंगेहाथ पकडलं होतं.

डॉक्टर बिचारे हसले. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होता असा त्रास? हिच्या आईला वगैरे?"

नाना उठून उभे राहिले. "आई नाय तिला," म्हणाले, आणि "चल" म्हणून सरळ दाराबाहेर. मी तशीच बसलेली. लाजेनं मेल्यासारखं झालं. डॉक्टरांची माफी मागितली, कागद घेतला आणि बाहेर आले, तर नाना रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत होते, "गव्हानं मेलेला माणूस बघितलाय का कुणी? सांगा बरं, बघितलाय?"

आता नानांना गव्हाचं एवढं काय, ते सांगायला हवं. नाना सायखेड्याकडचे. लहानपणी घरात बारा महिने बाजरी, गव्हाची पोळी सणावारी आणि पाहुण्यांच्या ताटात. नाना सांगायचे, "रोज पोळी खायला मिळावी म्हणून मी नोकरी धरली." नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आपल्या घरात आता भाकरी थापली जाणार नाही. आणि नाहीच थापली गेली. चोवीस वर्षांची घोडी झाले तरी मला भाकरी येत नव्हती. दर उन्हाळ्यात नाना वर्षाचा गहू भरायचे. दाणा दाताखाली फोडून, तळहातावर फिरवून, दुकानदाराशी भांडून. त्या वर्षीचाही नुकताच भरला होता. कोठी गच्च होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर नाना कोठीसमोर उभे. बराच वेळ उभे होते. मग घमेलं घेतलं आणि कॉलनीत घरोघरी गहू वाटायला निघाले. वाटायचा तर गोड बोलून वाटावा की नाही? पण नाना दार वाजवून म्हणायचे, "धरा. इख हाय. तुम्हाला पचतंय तोवर खा." पगारेकाकूंनी तर गहू तसाच घमेल्यात परत ओतला. नंतर त्यांची समजूत काढायला मला जावं लागलं.

आणि मग सुरू झालं आमचं बिनगव्हाचं घर. वाचायला काही नाही, विचारायला कुणी नाही. डॉक्टरांचा एक कागद, त्यावर काय खायचं नाही ते सगळं, काय खायचं ते दोन ओळी. भाकरी मला जमेना. काठवटीतून उचलली की दोन तुकडे, तव्यावर पडली की चार. नाना दारात उभे राहून सूचना करायचे, "पाणी गरम घे. मळ, मळ. अगं मळ, कुरवाळू नको." मी म्हटलं, "या मग, तुम्ही करा." तर आले, बाह्या सरसावून. त्यांची भाकरी थापतानाच काठवटीला चिकटली. मग दोघांनी मिळून भाताचं पातेलं चढवलं आणि एकमेकांकडे पाठ करून जेवलो.

लोकांचं तर विचारू नका. या रोगाला नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. नानांनीच त्याला 'गहूबाधा' नाव पाडलं, भूतबाधा असते तशी. झालं, कॉलनीत तेच चालू. 'गहूबाधा? असं कुठं असतं होय?' 'अहो, पोळी नाही तर पोट कसं भरतं?' 'सासरी काय करणार?' एकीनं तर मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की मनातून काढून टाक, मग बघ. मनातून! जणू मी पोळीवर रुसले होते. माझी नुसती लाही लाही व्हायची. अरे, तुमच्या मधुमेहाला कुणी म्हणतं का, मनातून काढा आणि जिलबी खा म्हणून?

देवरेकाकूंकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा, रव्याचा. मी हात जोडून नको म्हटलं. काकू ऐकेनात. "प्रसादाला नाही म्हणू नये गं. देवाचं आहे, देवाच्या नावानं घेतलेलं बाधत नाही." वाटी माझ्या हातात कोंबायला लागल्या. चार बायका बघताहेत. माझे डोळे भरून आले, रागानं. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं नाना उठले. भर पूजेत.

"वहिनी, देवाचा राग नाय हिच्यावर. देवाला ही उपाशी चालते. तुम्हालाच चालत नाय," ते म्हणाले. मग वाटी माझ्या हातातून घेतली आणि उभ्या उभ्या सगळा शिरा स्वतः खाऊन टाकला. "घ्या. घराण्याचा वाटा पोचला." आणि धोतराला हात पुसत जाऊन जागेवर बसले. पुढे महिनाभर काकू आमच्याशी बोलल्या नाहीत. घरी आल्यावर नाना माझ्यावरच तापले. "तुला तोंड नाय? मी मेल्यावर कोण खाणार तुझे शिरे?"

एवढं सगळं करूनही मला बरं वाटेना. गहू बंद होऊन दोन-तीन महिने झाले. आतापर्यंत फरक दिसायला हवा होता. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ म्हणाले, "गहू पोटात जातोय. कुठून तरी जातोय." मी शपथा घेऊन सांगितलं, चिमूटभर खात नाही. त्यांनी हिंगाची डबी बघायला सांगितली, हिंगात गव्हाचं पीठ घालतात म्हणून. हिंग बंद केला. तरी तेच.

आणि नानांचा संशय माझ्यावर आला. माझ्यावर! शाळेतून आले की विचारायचे, "आज वाढदिवस कुणाचा होता? केक आला होता?" माझ्या पर्समध्ये खारी आहे का बघायचे. पाणीचोर पकडण्यात हयात गेलेला माणूस. एके दिवशी जेवताना म्हणाले, "पाणी चोरलेलं दिसत नाय, पण पीक सांगतं. तू खातीयेस कुठं तरी."

मी ताट ढकलून दिलं. भाकरी लांब जाऊन पडली. म्हटलं, "मरायची हौस आहे मला! आई मेली तशी मीही मरते, म्हणजे सुटाल दोघींच्या कटकटीतून!" असं मी नानांना कधी बोलले नव्हते. नाना पांढरेफटक पडले. उठून भाकरी उचलली, पुसून पुन्हा ताटात ठेवली. "जेव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा त्यांनी स्वतः उचलला. मी मागोमाग गेले, कारण भांडण होणार हे मला दिसत होतं. बाळूची गिरणी कॉलनीच्या तोंडाशी होती. आता गिरणीची एक रीत असते, सगळ्या बायकांना माहीत असलेली. गव्हाचा डबा ठेवताना बाई आधी विचारते, 'आधी काय दळलंस? गव्हावरच टाक हं.' कारण ज्वारी-बाजरीवर गहू दळला तर त्या पिठाची पोळी फाटते. म्हणून गिरणीवाला गव्हाचे डबे आधी घेतो आणि भाकरीची धान्यं शेवटी. बाजरीचं काय, ती कशावरही दळली तरी चालते, असं सगळं जग धरून चालतं. मीही चाललेच होते.

नाना डबा घेऊन रांगेत उभे राहिले आणि सवयीनं विचारलं, "माझ्या वर कोण हाय?"

"देवरेकाकूंचा गहू," बाळू म्हणाला. आणि मग एकदम खाजगीत, प्रेमानं, "नाना, तुमचं दळण मी मुद्दाम गव्हावर टाकतो. पहिल्यापासून. ताईंची भाकरी तुटते म्हणून काकू सांगत होत्या ना? दगडात गव्हाचं पीठ राहतं, ते बाजरीत उतरतं. भाकरीला चिकटपणा येतो. कुणाला सांगत नाही मी हे, पण तुम्ही घरचे."

गिरणी चालू होती, पट्टा फटफटत होता. नानांनी डबा खाली ठेवला. मग त्यांनी टोपी काढली. नानांनी टोपी काढली म्हणजे खात्यातले चौकीदारसुद्धा पळायचे.

"बाळ्या," नाना म्हणाले, "माझी पोर मरत होती रे! मी तिच्यावर आळ घेतला. आणि वर तू बसला होतास!"

पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. बायकांनी कानांवर पदर घेतले, पण गेली एकही नाही. बाळू हात जोडून सारखं म्हणत होता, "नाना, मी चांगलं करायला गेलो." तो खरंच चांगलं करायला गेला होता. चांगलं करायला जाणाऱ्या माणसांचा मी तेव्हापासून धसका घेतलाय. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

माफी मागणं नानांना जमायचं नाही. ते तडक सायखेड्याला गेले आणि चुलत्यांच्या गोठ्यात पडलेलं जुनं जातं कांद्याच्या टेम्पोत घालून घेऊन आले. पाथरवटाकडून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून घेतली, कढत पाण्यानं घासलं, उन्हात वाळवलं. मी दळायला बसले तर अर्ध्या वाटीतच हात लटपटायला लागले. "सरक," नाना म्हणाले आणि बसले. ते बसले ते बसलेच. तर अशी ती जात्याची आणि शिव्यांची सुरुवात.

आणि मला बरं वाटायला लागलं की हो! पोट शांत झालं. जिना एका दमात चढायला लागले. वर्गातल्या पोरांना पूर्वी रागवायचंसुद्धा त्राण नसायचं, ती आता माझ्या आवाजानं दचकायला लागली. पण वजनाचा काटा जेमतेम हलला आणि रक्त काही वाढेना. डॉक्टर म्हणाले, "बाजरी आहे, छान आहे. पण नागली खा. नागलीसारखं दुसरं काही नाही तुम्हाला. आणि आपल्या नाशिकात नागलीला काय तोटा?"

तोटा नव्हताच. पेठ, सुरगाण्याकडचे लोक नागली, म्हणजे बाकीच्यांची नाचणी, घेऊन बाजारात बसतात. मी आनंदानं घरी येऊन सांगितलं. नाना पेपर वाचत होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, "नागली नाय आणायची."

"का?"

"नाय म्हटलं ना? बाजरी दळतो, ज्वारी दळतो, तांदूळ दळतो. वरई म्हण, राजगिरा म्हण. नागली या घरात नाय येणार."

"अहो, पण डॉक्टर..."

"डॉक्टरला काय जातंय!"

मी समजावलं, रडले, भांडले. कारण सांगतील तर शपथ. ज्या माणसानं माझ्यासाठी जात्याला हात लावला, तो माझ्या औषधाला आडवा पडतो म्हणजे काय? आठ दिवस आम्ही बोललो नाही. मग मीही त्यांचीच मुलगी. दिवाळीची सुट्टी लागली, पिशवी भरली आणि चिठ्ठी न ठेवता, तोंडावर सांगून निघाले, "मी मामाकडे चाललेय. पेठला. नागली खायला."

हे बोलणं म्हणजे बॉम्ब होता. आईचं माहेर पेठच्याही पुढे, डोंगरात. पण आई गेल्यापासून त्या घराशी आमचं येणं-जाणं नव्हतं. नानांनी मामाचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. पण नाना पडवीत बसून राहिले. मी फाटकातून बाहेर पडले तरी तोंडातून एक शिवी आली नाही.

मामानं मला ओळखलं ते लांबूनच. "लय आईसारखी चालतीस," म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून पुढं चालायला लागला. सुट्टीभर राहिले. सकाळी नागलीची भाकरी, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा नागली, वर खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. तिथं कुणी मला विचारलं नाही, की पोळी का खात नाहीस. त्यांच्याकडे पोळी नव्हतीच. गहूबाधा म्हणजे काय हे मी मामीला अर्धा तास समजावलं, तर ती म्हणाली, "मग नको खाऊस, त्यात काय?" या एका वाक्यासाठी मी मामीच्या पाया पडायला तयार होते. माझे गाल वर आले, हातातल्या सैल बांगड्या घट्ट बसायला लागल्या. निघताना मामानं नागलीच्या पिठाची पिशवी दिली, घरच्या जात्यावरची. मी नानांबद्दल त्याला खोदून खोदून विचारलं होतं, पण त्यानं मागचं काहीच काढलं नाही.

परत येताना गाडीत मी भांडणाची तयारी करत होते. वाक्यं पाठ केली होती. गाडी नाशिकच्या सीबीएस स्टँडला लागली, तर नाना समोर उभे. मी कधी येणार ते देवरेकाकूंकडे फोन करून सांगितलं होतं, तेवढ्यावर आले होते. मी उतरले आणि ते काही बोलायच्या आत सुरुवात केली, "हे बघा नाना, ओरडायचं असेल तर घरी जाऊन ओरडा. मी नागली आणलीय आणि मी ती खाणार."

नाना ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे, हातांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. मग जवळच्या बाकावर मटकन बसले. मला वाटलं चक्कर आली. मी शेजारी बसले.

"तुझी आई अशीच उतरायची गाडीतून," नाना म्हणाले.

"अशी म्हणजे?"

"भरून आलेली. गालांना रंग. इथून जाताना काडी होऊन जायची. महिनाभर तिकडं राहिली की अशी यायची. दर वेळी." ते समोरच्या गाड्यांकडे बघत बोलत होते. "लोक म्हणायचे, माहेर मानवतं तिला. सासरी खायला घालत नाय का रे, म्हणायचे. मला राग यायचा. तिकडं काय हाय? डोंगर अन् नागली. मी तिला रोज गव्हाची पोळी घालतो, तूप घालतो, अन् ही बाई नागलीवर फुलून येते. माझं नाक कापते. मग मी पाठवायचं बंद केलं."

मी पिठाची पिशवी पायाशी ठेवली.

"दोन वर्षं पाठवलं नाय. शेवटी तिचा भाऊ न्यायला आला. दिवसभर आपल्या पायरीवर बसून होता. मी त्याला आत बोलावलं नाय. ती आतून म्हणत होती, आठ दिवस जाऊ द्या. मी म्हटलं, आधी ताटातली पोळी संपव." नानांनी तळवा तळव्यावर घासला. "डॉक्टरनं आईचं विचारलं ना, तेव्हाच कळलं मला. तिथंच कळलं. नागली दिसली की ती दिसणार, म्हणून म्हटलं घरात नको."

मला संताप आला. कुणावर काढावा ते मात्र कळेना. शेजारी बसलेल्या या म्हाताऱ्यावर? त्याला काय माहीत होतं? तेव्हा कुणाला काय माहीत होतं? आणि तरी ती आठ दिवस मागत होती. आठच दिवस. मी नानांना 'जाऊ द्या' म्हटलं नाही. ते माझ्या तोंडून निघेना. नुसता त्यांचा हात धरला. जात्यानं तळव्याला मोठाले घट्टे पडले होते.

मग नानांनी माझ्या पायाशी ठेवलेली पिठाची पिशवी उचलून बघितली.

"एवढ्यानं काय होतंय? महिनाभर नाय पुरायची."

"पुन्हा आणीन."

"मी जातो," नाना म्हणाले. "या वेळी मी बसतो त्याच्या पायरीवर. आत घ्यायचं का नाय, ते तो बघंल."

ते उठले, टोपी सारखी केली आणि पेठची पुढची गाडी कधी आहे ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेले.